मैदानाबाहेरचा वस्ताद

आमच्या खंडाळा तालुक्यात फुटबॉल फारसा कोणी मनावर घेत नाही. इथे कबड्डी आणि कुस्ती. जिल्ह्याला अभिमान खाशाबा जाधवांचा, १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणणाऱ्या मल्लाचा. कोल्हापुरात मात्र तालमींचेच फुटबॉल संघ आहेत. तेव्हा फुटबॉलच्या प्रशिक्षकात मला वस्ताद दिसावा, यात नवल नाही. वस्ताद म्हणजे स्वतः लढायचा थांबलेला, पण तालीम न सोडलेला पैलवान.

गोव्याचे आर्मांदो कुलासो हे असेच एक वस्ताद. स्वतःचे खेळणे संपल्यावर २००० ते २०१३ अशी तेरा वर्षे त्यांनी पणजीच्या धेंपो क्लबचा संघ सांभाळला. चार सामने हरले की प्रशिक्षकाचे गाठोडे दाराबाहेर पडते, अशा या धंद्यात तेरा वर्षे! राष्ट्रीय लीग दोनदा, पुढे आय-लीग तीनदा, अशी पाच विजेतेपदे या काळात धेंपोला मिळाली. माझे मित्र म्हणतात, गोल तर रँटी मार्टिन्स आणि बेटो या परदेशी खेळाडूंचे! असतील, पण महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याचीच मुले होती आणि संघ त्यांच्यावरही उभा होता.

मला मात्र त्या पाच करंडकांपेक्षा ५ डिसेंबर २००४ हा दिवस अधिक आठवावासा वाटतो. बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. धेंपोचे दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरने केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. वय अवघे पंचवीस. चषक धेंपोने जिंकला. पण असा चषक कुणी कसा उचलावा? त्याची दहा क्रमांकाची जर्सी क्लबने निवृत्त केली. आणि त्याच मोसमात धेंपोने राष्ट्रीय लीगही जिंकली. धावफलकावर गोल मोजले जातात. मित्र डोळ्यांदेखत गेलेल्या पोरांना पुन्हा सरावाला उभे करण्याचे काम कोणत्या रकान्यात मांडायचे?

२०११ मध्ये ते काही काळ भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. दोह्यात कतारला २-१ असे हरवले, लगेच संयुक्त अरब अमिरातीकडून ०-३ अशी हार पत्करली. दिल्लीतला परतीचा सामना २-२ असा सुटला. ते पद काही महिन्यांतच गेले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना जीवनगौरव विभागात द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला. तोवर धेंपो सोडून त्यांना बारा वर्षे होत आली होती.