सहावी कपबशी

छंद कोणताही असो, त्याची पहिली झळ घरच्या माणसांना लागते. जुन्या इंग्रजी कपबश्या जमवण्याचा नाद मला गेली वीस वर्षे आहे आणि त्यापायी एक वाईट खोड जडली आहे. कुणाच्याही घरी चहा पुढे आला की मी आधी बशी पालथी करून तिच्या बुडावरचा शिक्का पाहतो. एकदा व्याह्यांकडे बोलण्याच्या नादात बशीऐवजी भरलेला कपच पालथा केला. तेव्हापासून घराबाहेर पडताना सौभाग्यवती एकच सूचना देते, "अहो, चहा प्या. वाचू नका!"

वाचण्यासारखे पुष्कळ असते, हे मात्र खरे. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचे शहर आहे. सहा कुंभारगावे १९१० साली एकत्र होऊन ते झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या जोसाया स्पोडने भांड्यांवर निळी चित्रे छापण्याची कृती पक्की केली. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यात कोबाल्टचा रंग भरायचा, त्याचा छाप पातळ कागदावर घ्यायचा, तो कागद एकदा भाजलेल्या कपावर घासून बसवायचा. मग कागद धुऊन काढायचा, वर झिलई द्यायची आणि कप पुन्हा भट्टीत घालायचा. कागदाची दोन टोके जिथे मिळतात तिथे किनारीची वेलबुट्टी नीट जुळत नाही. हा सांधा बहुधा कपाच्या कानापाशी सापडतो. तो सापडला की आम्हा नादिष्टांना धन्य वाटते!

यातली सर्वांत गाजलेली नक्षी 'विलो'ची. पाण्यावर वाकलेले झाड, पुलावरून जाणारी तीन माणसे, वर आभाळात दोन पाखरे. ही पाखरे म्हणजे पळून गेलेले चिनी प्रेमिक, अशी गोष्ट सांगतात. गंमत अशी की चित्र विलायतेतले आणि गोष्टही विलायतेतलीच. चीनला तिचा पत्ताही नव्हता.

अशाच विलोच्या कपबश्या बदलापूर गावातल्या एका जुन्या घरी आहेत, असे कचेरीतल्या एका स्नेह्याने सांगितले आणि एका रविवारी सकाळी मी दादरला कर्जत लोकल पकडली.

कल्याणपासून पुढचा हा लोहमार्ग १८५६ सालचा. विठ्ठलवाडी गेले की उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले आणि १९४९ साली त्या छावणीला हे नाव मिळाले. मग अंबरनाथ, १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराचे गाव. त्यापुढे बदलापूर. इथे म्हणे पूर्वी स्वारीचे घोडे बदलत, म्हणून हे नाव. आता घोडे नाहीत, पण बदल थांबलेला नाही. स्टेशनाबाहेर पाऊल टाकावे तर दोन्ही बाजूंना उंच इमारती. पश्चिमेला नदीच्या दिशेने रिक्षा वळली, तेव्हा कुठे कौलारू छपरे आणि अंगणातली तुळस दिसू लागली.

घराच्या मालकीणबाई पंच्याऐंशीच्या घरातल्या. त्यांना मी आजीच म्हणू लागलो. त्यांनी फडताळ उघडून पाच कप आणि पाच बश्या ओसरीवर मांडल्या. मी थरथरत्या हाताने एक कप पालथा केला. शिक्क्यात 'इंग्लंड' एवढेच होते. १८९१ पासून अमेरिकेच्या कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. नुसते 'इंग्लंड' असले तर माल साधारण त्या सुमाराचा किंवा नंतरचा, आणि 'मेड इन इंग्लंड' असले तर बहुधा विसाव्या शतकातला. म्हणजे हे कप शंभरी ओलांडलेले!

"आमच्या आजेसासऱ्यांनी मुंबईत लिलावात घेतले," आजी म्हणाल्या. "पण सासूबाईंनी कधी स्वयंपाकघरात येऊ दिले नाहीत. हाडांची भांडी म्हणायच्या."

मी कप उजेडात धरला. बोन चायनात निम्म्याच्या आसपास हाडांची राख असते हे खरे. पण ते उजेडात धरले तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. इथे काही दिसेना. "आजी, ही नुसती माती आहे. सासूबाई उगाच घाबरल्या."

आजी हसल्या. "आता कुणाला सांगू?"

कपाची ही धास्ती काही त्यांच्याच घरची नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा आला. त्याची बातमी छापून आली, आणि सारे पुणे ढवळून निघाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपाची एवढी ताकद!

"सेट सहाचा असणार," मी म्हणालो. आमच्या धंद्यात पुऱ्या सेटला मान. "सहावा फुटला का?"

आजी उत्तर न देता मागच्या पडवीत गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात सहावी कपबशी होती. तीच नक्षी, तीच पाखरे. पण काठापासून बुडापर्यंत तडा गेलेला. तडा ओळखायला आम्ही कपाला नखाने टिचकी मारतो. चांगला कप खणकन वाजतो, तडकलेला बद्द. मी टिचकी मारली नाही. गरजच नव्हती.

"तडा गेला म्हणून हा शेतावरच्या गड्याला दिला," आजी सांगू लागल्या. "गावकुसाबाहेरचा माणूस. पडवीच्या कोनाड्यात कप ठेवलेला असायचा. त्याने यायचं, कप खाली ठेवायचा, वरून चहा ओतायचा. प्यायला की आपला आपण विसळून कोनाड्यात पालथा घालायचा. मी १९५८ साली लग्न होऊन आले, तेव्हापासून बघत होते."

घटनेच्या १७ व्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता संपवली, १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदाही झाला. पडवीतला कप तरीही पालथाच होता. प्रायश्चित्ताला जुंपणारी घरे आपण नावे ठेवून विसरलो. कोनाडे मात्र आपल्याच घरात होते.

"सासूबाई गेल्यावर मी त्याला ओसरीवर बसवलं," आजी पुढे म्हणाल्या. "फडताळातल्या चांगल्या कपात चहा दिला. तो प्यायला. मग उठला, कप विसळला आणि पडवीत नेऊन पालथा घातला. मी म्हटलं, 'अहो, राहू द्या.' तर म्हणाला, 'वहिनी, हाताला सवय झालीय.' पुढे आठ वर्षं जगला. ती सवय काही गेली नाही."

थोडा वेळ कुणीच बोलले नाही. कपांचे बूड पाहण्याची माझी सवय मला फार अभिमानाची वाटत असे. या कपाचे बूड त्या माणसाने रोज पाहिले होते.

"२००५ च्या जुलैमध्ये पूर आला," आजी म्हणाल्या. "घरात छातीएवढं पाणी. फोटो गेले, कागद गेले, माझा शालू गेला. हा कप अंगणातल्या गाळात सापडला. मी धुतला आणि परत कोनाड्यात ठेवला. आत आणून बाकीच्यांत मिसळला असता, तर झालेलं पुसून टाकल्यासारखं झालं असतं."

"विकायचे आहेत का?" मी अखेर विचारले.

"मुलगा घर पाडून इमारत बांधतोय. नवीन घरात कोनाडा नाही. न्या तुम्ही. पण नेलेत तर सहाच्या सहा. आणि सहावा कसला, हे विचारणाऱ्याला सांगायचं."

एरवी तडा गेलेला कप मी फुकट घेतला नसता. त्या दिवशी सहाही वर्तमानपत्रात गुंडाळून आणले.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो आणि एकाएकी कोकणातले आमचे घर डोळ्यांपुढे आले. मागच्या दाराच्या वळचणीला एक कान तुटलेला कप असे. तो कुणासाठी हे मी कधी विचारले नव्हते. कुणी सांगितलेही नव्हते, तरी त्याला हात लावायचा नाही हे मला ठाऊक होते. माझ्या संग्रहातल्या प्रत्येक कपाची नक्षी मी डोळे मिटून सांगू शकतो. त्या कपाची काही केल्या आठवेना.

आता सहाही कपबश्या दिवाणखान्यातल्या कपाटात एका रांगेत आहेत. दिवाळीच्या फराळाला आलेली मंडळी हटकून विचारतात, "हा तडकलेला कशाला ठेवलात?" मी सांगतो. सौभाग्यवती चहा घेऊन येते आणि यावेळी मला गप्प करत नाही. ऐकणारे जरा वेळ बशीकडे बघत राहतात. मग त्यांतलेच कुणीतरी हळूच म्हणते, "आमच्याकडेही होता एक."