मेणवलीचा वाडा आणि आमची ओली भिंत

परवा लग्नासाठी वाईला गेलो होतो. जेवणं आटोपल्यावर मेणवलीला जाऊन आलो, तीनेक किलोमीटर तर आहे. घाटावर नेहमीची गर्दी. 'स्वदेस'चं शूटिंग कुठं झालं, वसईच्या मोहिमेतली ती पोर्तुगीज घंटा कुठंय, एवढं बघून माणसं परततात. घंटेवर १७०७ साल आहे, बघायलाच हवी. पण मी गेलो होतो भिंती बघायला.

नाना फडणवीसांचा हा वाडा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. सहा चौक. उन्हातून देवडीत शिरलं की अंगाला गारवा लागतो. जाड भिंती ऊन अडवतात, चौक उजेड आणि वारा आत घेतो. लाकडी खांब आणि तुळया भार पेलतात, म्हणून भिंतीचा एखादा तुकडा खराब झाला तर तेवढाच दुरुस्त करता येतो.

ही अक्कल आम्हाला उशिरा आली. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. तीच कृष्णा, फक्त खूप खाली. २००५ च्या पुरानंतर आम्ही नदीकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. आजी म्हणत होती, "चुन्याचंच करा रे, भिंत कोंडेल." कोण ऐकतंय!

२०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर आतली चुन्याची भिंत दिवाळीनंतर हळूहळू वाळली. सिमेंटची मात्र वरून खणखणीत आणि आतून चिखल. ओल बाहेर पडायला वाटच नव्हती. पुढच्या पावसाळ्यात खालून बसली.

आता घरात विषय एकच, पाडायचं का? धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, दर पावसाळ्यात सामान माळ्यावर किती वर्षं चढवायचं?" त्याचं चूक नाही. माझ्याकडे उत्तर नाही.

मेणवलीचा वाडा नानांच्या नावावर तरी तगेल. साताऱ्याच्या पेठांतली, वाईतली, मिरजेतली, आमच्यासारख्यांची घरं कुणाच्या नावावर तगणार?

म्हणून दोनच विनंत्या. जुन्या माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासू नका. आणि पाडायचंच ठरलं, तर आधी मापं घ्या, फोटो काढा, कोरीव खांब जळणाच्या भावात देऊ नका.

चुन्याचं काम येणारे गवंडी आपल्याकडे अजून कुणाला माहीत असतील, तर कमेंटमध्ये गाव सांगा. आमची एक भिंत अजून उभी आहे.