देवळाच्या मागच्या बाजूला

गेल्या पावसाळ्यात डेंगी झाला तेव्हा मी फ्लॅटवर एकटी. पुण्यात सहा वर्षं काढली, फोनमध्ये नऊशे नंबर. पण पातळ खिचडी आणून देईल असा एकही नाही! शेवटी आली ती ऑफिसातली शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, आणि तिच्यासोबत तिच्या चर्चच्या महिला मंडळातल्या दोन काकू. आठवडाभर डबा त्यांचाच. मैत्रीण मूळची अहिल्यानगरची, ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर म्हणत मोठी झालेली. रविवारी तिला जायला जागा असते आणि तिथे नाही दिसली तर चौकशी करणारं कुणीतरी असतं. खरं सांगू? मला हेवा वाटला.

म्हणून औंढा नागनाथ. आजीच्या तोंडी कायम असलेलं नाव. रात्रीच्या ट्रेननं परभणी, तिथून पन्नासेक किलोमीटर एसटी. (गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या भुजांची 'लायगो' वेधशाळा याच तालुक्यात होणार आहे. एसटीत मात्र सगळी चर्चा सोयाबीनच्या भावाची.)

देऊळ हेमाडपंती. खाली काळ्या दगडावर कोरीवकामाची नुसती दाटी. वरचा भाग नंतरच्या जीर्णोद्धाराचा. तो अहिल्याबाई होळकरांनी केल्याचं सांगतात. ज्योतिर्लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात. वाट अरुंद, अंग चोरून उतरायचं.

पण मला ओढ होती नामदेवांच्या गोष्टीची. गोरोबाकाकांनी संतांची 'मडकी' थापटून पाहिली आणि नामदेव कच्चे ठरले. हा सगळा घाट घातला मुक्ताबाईनं, वयानं सगळ्यांत लहान पोरीनं! मग नामदेव गुरू शोधत इथे विसोबा खेचरांकडे आले. पुढे एकदा त्यांना देवासमोर कीर्तन करू दिलं नाही. ते देवळामागे जाऊन गायले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी आख्यायिका. नंदी तेवढा मागे राहिला.

मीही मागेच रेंगाळत होते. तिथे सात-आठ बायका टाळ घेऊन बसलेल्या.

"हुभी कामून माय? बस की."

बसले. हातात टाळ आले. माझा ताल पहिल्या मिनिटात चुकला, कुणी वळूनही पाहिलं नाही. भजन संपल्यावर मात्र चौकशा सुरू! गाव कोणतं, पगार किती, लग्न का नाही. तिसऱ्यांदा लग्न निघालं तेव्हा मी उठणारच होते, तेवढ्यात एकीनं पदराखालच्या पिशवीतून भाकरी-ठेचा काढून पुढे केला. मग कसली उठतेय!

पुण्यात मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसत सुटली. "आमच्या काकूही दर रविवारी हेच विचारतात गं!"

आमच्या सोसायटीतही गुरुवारी बायका भजनाला बसतात. आवाज नको म्हणून मी खिडकी लावून घ्यायचे. परवा खाली गेले. त्यांनी सरकून जागा दिली, आणि नाव विचारायच्या आधी विचारलं, "तूच ना गं ती, डेंगीवाली?"