दोन एकर म्हणजे नेमकं किती?

वणीच्या कोळसापट्ट्यात दोन कास्तकार भेटले की पाऊसपाण्यानंतरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्या गावाले सेक्शन सात लागला का?" बाहेरच्या माणसाला वाटेल, एखादी साथच आली. तसं पाहिलं तर फार चुकीचं नाही.

हा सात म्हणजे १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याचं कलम ७. त्याआधी कलम ४ येतं, म्हणजे तुमच्या जमिनीखाली कोळसा आहे का ते शोधायचा सरकारचा इरादा. सात म्हणजे जमीन घ्यायचा इरादा. नऊ म्हणजे जमीन घेतली अशी घोषणा, आणि ती राजपत्रात छापून आली की कलम १० प्रमाणे जमीन केंद्र सरकारची. सातबाऱ्यावर तुमचं नाव आणखी काही दिवस दिसेल, पण वावर तुमचं राहिलं नाही. हरकत घ्यायला कलम ८ मध्ये तीस दिवस आहेत आणि ते सातनंतरचे आहेत. लोक जागे होतात नऊला.

का? कारण राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत येतं. आपल्याकडे हिंदी सगळ्यांना समजते, पण ही हिंदी सिनेमातली नाही. एका गावात मी असा कागद वाचून दाखवत होतो. त्यात 'पूर्वेक्षण' शब्द आला. एक म्हातारे बाबा म्हणाले, "भाऊ, हे पूर्वेकडच्या वावरायचंच आहे ना? आमचं तं पश्चिमेले येते." कोणी हसलं नाही, कारण बाकीच्यांनाही तो शब्द माहीत नव्हता. पूर्वेक्षण म्हणजे खनिजाचा शोध, ड्रिल मशीन लावून. दिशेचा काही संबंध नाही.

त्याच कागदात गावाच्या नावापुढे एकच शब्द असतो, 'भाग' किंवा 'पूर्ण'. सगळ्यात आधी तो बघा. भाग असेल तर खालची प्लॉट नंबरांची यादी बोट ठेवून वाचा, कारण तिथेही एखाद्या नंबरापुढे कंसात पुन्हा 'भाग' असतो. म्हणजे अर्धं वावर खाणीत, अर्धं धुऱ्यापलीकडे. उरलेल्या तुकड्याला पांदण राहील की नाही, ते त्या यादीत नसतं. शेवटी सीमावर्णन येतं: रेषा बिंदू 'क' पासून निघते, अमुक प्लॉटांच्या कडेने जाते आणि 'ख' ला मिळते. ते पटवाऱ्याकडच्या गावनकाशावर पेन्सिलने ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. ओढून बघाच.

आता एकरांचं. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एका नोकरीचा विचार होतो. सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये. दोन एकर म्हणजे ०.८०९४ हेक्टर. सातबाऱ्यावर ०.८० असेल तर दोन एकर भरत नाहीत. कमी किती पडतं? साधारण ९४ चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे पुरता गुंठाही नाही. एवढ्या तुकड्यात बैलजोडी धड वळत नाही, आणि घरातल्या पोराची नोकरी त्याच्यावर अडते. धोरणात वाट आहे. शेजाऱ्यांनी जमिनी एकत्र करून दोन एकर भरायचे आणि एकाचं नाव द्यायचं. याला आपल्याकडे सगळे 'क्लबिंग' म्हणतात. मग भावाभावांत आणि शेजाऱ्यांत जे होतं ते वेगळं लिहायला नको.

गंमत अशी, की या मापांची मुळंच घोळाची. इंग्रजांच्या मुंबई पद्धतीत साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ फूट म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आपला जिल्हा १९०५ पर्यंत 'वून' म्हणजे वणीच्याच नावाने ओळखला जायचा, तेव्हापासूनचे आणे अजून 'आणेवारी'त जिवंत आहेत, हिशेब पैशात होत असला तरी. आज भूकरमापक रोव्हर घेऊन येतो, उपग्रहावरून सेंटिमीटरपर्यंत मोजतो. आणि कास्तकार वावर सांगतो पऱ्हाटीच्या बियाण्याच्या पिशव्यांवरून. म्हणून म्हणतो, नोटीस यायच्या आधी हद्द कायम मोजणी करून 'क' प्रत घरात ठेवा. ओलीत असेल तर विहीर आणि पीक सातबाऱ्यावर चढलंय का ते बघा. विहिरीला पाणी आहे आणि कागदावर कोरडवाहू, अशी वावरं मी खूप पाहिली.

खाणीतला एक शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. ओबी. ओव्हरबर्डन. वणीहून घुग्घुसकडे जाताना दिसणारे डोंगर डोंगर नाहीत, ती ही ओबी. इंग्रजीत बर्डन म्हणजे ओझं. आपण जिला काळी म्हणतो, अक्षय्य तृतीयेला जिला हात जोडतो, ती खाणीच्या हिशेबात कोळशावरचं ओझं, घनमीटरमध्ये मोजलेलं. इंजिनियरचा दोष नाही, त्याचं काम कोळशापर्यंत पोचायचं आहे. पण पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये वरची सुपीक माती वेगळी काढून साठवायला सांगितलेलं असतं. जनसुनावणीत 'ओबी कुठे टाकणार' असं विचारू नका. 'टॉपसॉईल कुठे ठेवली, दाखवा' असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

(मुकुटबन-झरीकडची चुनखडी आणि मुरूमवाल्यांचा 'ब्रास' हे वेगळं प्रकरण आहे, त्यावर नंतर लिहीन.)

एवढं सगळं ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्यासाठी. ज्याच्याजवळ वावरच नाही त्याचं काय? गावची गुरं चारणारा, दुसऱ्याच्या शेतात निंदण-डवरणीला जाणारा, त्याचंही गाव जाणार आहे. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन शब्द नव्या पोरांनी ऐकलेही नसतील. चराई, सरपण, रस्ता, पाणी, मासेमारी असे गावाचे हक्क आणि वहिवाट त्यांत नोंदवलेली असते आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेत त्यांना जागा आहे. त्यांच्या नकला काढा.

आणि 'बाधित कुटुंब' हा शब्द पाठ करा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात त्याची व्याख्या आहे, आणि त्या कायद्याच्या मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून कोळशाच्या जमिनीलाही लागू आहेत. जमीन नसलेला शेतमजूरही त्या व्याख्येत येतो, संपादनाआधी तीन वर्षं त्याचं पोट त्या भागातल्या कामावर असेल तर. तीन वर्षं सिद्ध करायला तोंडी साक्ष पुरत नाही. रोजगार हमीचं जॉबकार्ड, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, पोरांचा शाळेचा दाखला, जे असेल ते एका पिशवीत काढून ठेवा. वाचता येत नसेल त्याला शेजारच्या पोराने ही पोस्ट वाचून दाखवावी.