पंगत, डॉल्बी आणि 'नेटवर्क बिझी'

अनंत चतुर्दशीच्या रात्री शिवाजी पेठेतून कुणालाही फोन लावून बघा. गणपती महाद्वार रोडला लागलेले, अख्खी पेठ (आणि अर्थातच मंगळवार पेठही!) रस्त्यावर, आणि फोन म्हणतो 'नेटवर्क बिझी'. पाहुणे म्हणतात, "टॉवर मेला वाटतं." मेलेला नसतो हो. तो हिशेब करून आपल्याला नाही म्हणत असतो.

या नाही म्हणण्याचं नाव 'कॉल अ‍ॅडमिशन कंट्रोल'. मला ती लग्नाची पंगत वाटते. जीएसएममध्ये एका कॅरिअरवर ८ टाइमस्लॉट. एखादा टॉवरच्या स्वतःच्या कामाला, उरलेल्या पाटांवर ७ जण बोलणार. पुढचा आला की थांब बाबा. किती पाट मांडले तर किती जण परत जातील, हे गणित कोपनहेगनच्या एर्लांगने १९१७ सालीच, तारेच्या टेलिफोनसाठी मांडून ठेवलंय.

गंमत म्हणजे पाट रिकामा असूनही टॉवर कधी कधी बसू देत नाही. कुणीतरी बोलत बोलत शेजारच्या टॉवरच्या हद्दीतून येणार असतं, त्याच्यासाठी तो राखलेला असतो. नवा फोन न लागणं वेगळं आणि चालू बोलणं तुटणं वेगळं. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे अभियंत्यांनाही पटलंय तर!

थ्रीजीत पाट मोजायची सोयच नव्हती. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकदम बोलणार, फक्त प्रत्येकाचा कोड वेगळा. दुसऱ्याचं बोलणं म्हणजे आपल्याला गोंगाट. मिरवणुकीत दोन मंडळांचे डॉल्बी समोरासमोर आले की काय होतं? हा वाढवतो म्हणून तो वाढवतो, शेवटी कुणाचंच गाणं कळत नाही. म्हणून टॉवर प्रत्येक हँडसेटला सेकंदाला १५०० वेळा 'कमी कर', 'वाढव' असं सांगायचा. (आपल्या मंडळांना एकदा सांगून बघा :)) क्षमता निम्मी भरली की गोंगाट मूळच्या दुप्पट, पाऊण भरली की चौपट. शेवटी आलेले चार जण सगळ्यांनाच महाग पडतात, म्हणून त्यांना दारातच अडवायचं.

मिरवणुकीत फोन नाही लागला तर काय बिघडतं म्हणा. पण ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५० च्याही वर. अशा वेळी वीज गेली की टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर, आणि एक बंद पडला की त्याची माणसं शेजारच्याच्या दारात. मग आत कुणाला घ्यायचं?

तीही सोय सिममध्ये आहे. आयएमएसआय क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून आपण सगळे ० ते ९ अशा दहा वर्गांत वाटलेले. सुरक्षा दलं, आपत्कालीन सेवा यांचे वर्ग वेगळे. गर्दी हाताबाहेर गेली की काही वर्गांना फोन सुरूच करू न देण्याची मुभा असते. पैसा, ओळख, पेठ काही बघत नाही. कागदावर मला हे पटतं. पण पाण्याने वेढलेल्या घरातल्या माणसाला 'तुमचा शेवटचा आकडा ७ आहे' हे कोण सांगणार? ११२ चा निर्णय वेगळा होतो, हे खरं. आपल्याकडे मात्र माणूस आधी भावालाच फोन लावतो.

एक वाट आहे. जीएसएममध्ये एसएमएस बोलण्याच्या पाटावर बसत नाही, टॉवरच्या स्वतःच्या कामाच्या वाटेने जातो. बोलणं होत नसलं तरी 'सुखरूप आहे' एवढं पोचण्याची आशा जास्त. आमच्या आत्याला हे शिकवलंय. ती मेसेज पाठवते आणि लगेच "मिळाला काय रे?" म्हणून फोन करते.