पाढे आणि उधारीची वही

पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेला दुकानदार गिऱ्हाईक समोर आल्यावर आकडेमोड करत बसत नाही. ती त्याने केव्हाच उरकलेली असते. सी प्लस प्लसमधल्या टेम्पलेटांचा प्रवास पाहताना मला हेच आठवते. एकच कोड निरनिराळ्या टाइपांसाठी पुन्हा पुन्हा लिहावा लागू नये, एवढ्यासाठी टेम्पलेट आले. पण 1994 मध्ये एर्विन उनरुह यांनी भाषेच्या प्रमाणीकरण समितीपुढे असा प्रोग्रॅम ठेवला, जो कंपाइलच होत नव्हता. मात्र कंपायलरने दाखवलेल्या चुकांच्या ओळींत मूळ संख्या उमटत होत्या. कंपायलर स्वतःच हिशेब करू शकतो, हे त्यातून उघड झाले. या करामतीचे कौतुक वेगासाठी होते. मला तिचे मोल चूक वेळेआधी कळण्यात दिसते.

मॅपच घ्या, म्हणजे ‘की’ आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांचा साठा. साध्या मॅपमध्ये की आहे की नाही, हे प्रोग्रॅम चालल्यावरच कळते. टेम्पलेटांनी रचलेल्या, कंपायलरच्या मॅपमध्ये की हाही टाइप आणि व्हॅल्यू हाही टाइप. प्रत्येक जोडी एक क्लास आणि सगळा मॅप म्हणजे त्या साऱ्यांचा वारसदार. की विचारली की कंपायलर वारशातली नेमकी जोडी हुडकतो. की नसेल किंवा एकाच कीला दोन व्हॅल्यू असतील, तर तो तिथेच अडतो. फेरी मारण्याची तऱ्हाही वेगळी. इथे काहीच बदलत नाही, त्यामुळे मोजणारा आकडा वाढवता येत नाही. यादीतला पहिला उचलायचा, उरलेली यादी पुन्हा स्वतःकडेच सोपवायची आणि ती रिकामी झाली की थांबायचे. अशा एकात एक टेम्पलेट उलगडण्याच्या खोलीसाठी 1998 च्या प्रमाणाने किमान 17 पायऱ्या सुचवल्या होत्या, 2011 च्या प्रमाणाने 1024.

यावर आक्षेप असा की कंपायलर रेंगाळतो आणि चुकांचे संदेश पानेच्या पाने भरतात. ते खरे आहे. म्हणूनच यादी चालत जाण्यापेक्षा वारशाची युक्ती बरी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: 2014 पासून कॉन्स्टएक्स्पर फंक्शनमध्ये, म्हणजे कंपायलर स्वतः चालवू शकतो अशा फंक्शनमध्ये, साधा लूप चालतो, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? कारण त्या लूपमधल्या व्हेरिएबलचा टाइप फेरीगणिक बदलू शकत नाही. आकड्यांचे काम त्याने भागते, टाइपांचे नाही. जून 2025 मध्ये सोफियाच्या बैठकीत समितीने ‘टेम्पलेट फॉर’ हा फेरीगणिक टाइप बदलू देणारा लूप सी प्लस प्लस 26 च्या मसुद्यात घेतला, तो ही गरज खरी होती म्हणूनच.

तेव्हा जी यादी लिहितानाच पुरती ठाऊक आहे, ती चालताना शोधायला लावू नये. जी ठाऊक नाही, तिच्यासाठी साधा मॅपच हवा. पाढे एकदाच पाठ करावेत. उधारीची वही मात्र रोजच लिहावी लागते.