पुठ्ठ्यावरचे चेहरे

माणसाला कशाचा छंद जडेल याचा नेम नसतो. नोकरीनिमित्त माझी बरीच वर्षे न्यू यॉर्कच्या परिसरात गेली आणि तेथे मला एकोणिसाव्या शतकातील बेसबॉलपटूंच्या चित्रांचा छंद जडला. वसईच्या वाडीत विटी-दांडू आणि क्रिकेट खेळून वाढलेल्या माणसाला बेसबॉलचे एवढे अगत्य का, असे घरच्यांनी अनेकदा विचारले. त्याचे उत्तर खेळात नाही, त्या चित्रांत आहे.

आपल्या आजीच्या प्रार्थनापुस्तकात संतांची छोटी चित्रे जपलेली असत. त्यांहूनही लहान, दीड इंच रुंद आणि अडीच इंच उंच असा पुठ्ठ्याचा तुकडा डोळ्यांपुढे आणावा. त्या काळी अमेरिकेत सिगारेटी मऊ कागदी पाकिटात मिळत. त्या मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठा घालीत. हा पुठ्ठा कोरा का ठेवावा, असा विचार कारखानदारांनी केला आणि त्यावर चित्रे आली. न्यू यॉर्कच्या गुडविन कंपनीने 1886 ते 1890 या काळात आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटींबरोबर पाचशेहून अधिक खेळाडूंची छायाचित्रे दिली. ही सारी छायाचित्रे स्टुडिओत काढलेली. मागे रंगवलेला पडदा, पुढे झेल घेण्याच्या पवित्र्यातला खेळाडू आणि त्याच्या हातांसमोर दोरीला टांगलेला चेंडू! काही चित्रांत ती दोरी स्पष्ट दिसते. त्या भाबड्या बनावाने मला प्रथम मोहात पाडले.

1887 साली रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने पन्नास जगज्जेत्यांची रंगीत मालिका काढली. तीत मुष्टियोद्धे, नावाडी आणि नेमबाज ॲनी ओकली यांच्या पंक्तीला दहा बेसबॉलपटू बसले. त्यांतला माइक केली हा ट्रॉय गावी जन्मलेला आयरिश स्थलांतरितांचा मुलगा. त्याच वर्षी शिकागोच्या संघाने त्याला दहा हजार डॉलरना बोस्टनच्या संघास विकले. खेळाडूला दोन हजारांहून अधिक पगार देऊ नये असा नियम होता. बोस्टनच्या मालकांनी पगार दोन हजारच ठेवला आणि त्याचे चित्र वापरण्याबद्दल आणखी तीन हजार दिले. माणसाच्या कौशल्यापेक्षा त्याच्या चित्राचे मोल अधिक ठरले! हा केली 1894 साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला.

याच दहांत शिकागोचा कर्णधार कॅप ॲन्सन आहे. ‘ओल्ड जज’ मालिकेत तो बहुधा साध्या पोशाखात आढळतो. खेळाच्या गणवेशातील त्याची चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि त्यांसाठी धनिक संग्राहक जीव टाकतात. परंतु हाच ॲन्सन 1887 च्या जुलै महिन्यात नेवार्क येथे जॉर्ज स्टोव्ही या कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध मैदानात उतरण्यास तयार नव्हता. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या चालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव केला. मोझेस फ्लीटवुड वॉकर 1884 साली टोलेडोकडून सर्वोच्च पातळीवर खेळला होता. त्याच्या मागे बंद झालेले दार 1947 साली जॅकी रॉबिन्सनसाठी उघडले. ॲलन अँड गिंटरच्या दहाही चित्रांत गोरेच चेहरे आहेत. जुना संग्रह पाहताना त्यात कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे शोधण्याची सवय मला येथेच लागली.

1890 मध्ये पाच मोठ्या सिगारेट कंपन्या एक होऊन अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन झाली. स्पर्धा संपली आणि ग्राहकांना चित्रांचे आमिष दाखविण्याची निकडही काही वर्षांत ओसरली. घरोघरची चित्रे फाटली, हरवली, कचऱ्यात गेली. जी उरली ती आज तिजोरीत आहेत. नकलाही पुष्कळ निघाल्या आहेत. खरे ‘ओल्ड जज’ म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेले अस्सल छायाचित्र. भिंगातून पाहिल्यास त्यात छाया सलग दिसतात, छपाईच्या नकलेत मात्र बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. ही परीक्षा मला एका वृद्ध व्यापाऱ्याने शिकविली.

या छंदातील माझा आदर्श मात्र कोणी धनिक नव्हे. जेफरसन बर्डिक हा सिरॅक्यूज येथील विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा अविवाहित माणूस. संधिवाताने त्याची बोटे वाकडी झाली होती. त्याने तीन लाखांहून अधिक छापील चित्रे जमविली. त्यांत तीस हजारांवर बेसबॉलची होती. या साऱ्यांची त्याने सूची केली. ‘ओल्ड जज’ मालिकेला संग्राहक आजही त्याने दिलेल्या ‘एन 172’ या क्रमांकाने ओळखतात. हा संपूर्ण संग्रह त्याने न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दान केला आणि सुमारे पंधरा वर्षे तेथे बसून स्वतःच्या हातांनी वह्यांत चिकटविला. 1963 च्या जानेवारीत काम संपले, मार्चमध्ये तो वारला. डिंक लागला की बाजारात चित्राची किंमत उतरते. आपली चित्रे पुन्हा बाजारात जाणार नाहीत, हे त्याने जणू त्या डिंकानेच लिहून ठेवले.

माझ्याजवळ ‘ओल्ड जज’चे एकच चित्र आहे. नामांकित खेळाडूंची चित्रे माझ्या ऐपतीबाहेरची. हे एका अप्रसिद्ध खेळाडूचे. कोपरे झिजलेले, नाव पुसलेले, फक्त आयोवा राज्यातील डे मॉइन शहराच्या संघाचे नाव वाचता येते. कवी कार्ल सँडबर्ग यांच्या हातून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळालेला एकवीसशे चित्रांचा संग्रह आणि बर्डिकचा संग्रह आता संगणकावर कोणालाही पाहता येतो. पडदा, पवित्रा, मिशांची ठेवण ताडून पाहत मी कित्येक रात्री घालविल्या आणि अखेर त्या माणसाचे नाव मला सापडले. कोणा अनोळखी माणसांनी आपला संग्रह सर्वांसाठी खुला केला नसता, तर तो निनावीच राहिला असता.

निवृत्तीनंतर मी वसईस परतलो. येथील पावसाळ्यातील दमटपणाने पुठ्ठ्यावरील छायाचित्राची एक कड सुटू लागली आहे. एका व्यापाऱ्याने बरी किंमत देऊ केली. मुलगी म्हणते, “बाबा, विकून टाका, नाहीतर बुरशी खाईल.” तिचे म्हणणे निम्मे खरे आहे. चित्र येथे टिकणार नाही. मात्र ते विकले तर कोणाच्या तरी तिजोरीत जाईल आणि एवढ्या खटपटीने सापडलेले नाव पुन्हा अंधारात पडेल. म्हणून डे मॉइनमधील एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला ते पाठवावे असे मी ठरविले आहे. त्या खेळाडूचे नाव आणि ते कसे ओळखले याची हकिकत दोन पानांवर लिहून सोबत जोडली आहे. नातवाने चित्राचे छायाचित्र काढून घेतले आहे. आमच्या घरी तेवढे पुरेसे आहे.